दोघांनी मिळून दिलेली व्हायवा

स्वतःच्याच प्रबंधाविषयी प्रश्न विचारला आणि माणसाची दातखिळी बसली, तर त्याला डॉक्टरी भाषेत काय म्हणतात मला ठाऊक नाही. विद्यापीठाच्या भाषेत त्याला 'प्रकृतीच्या कारणास्तव पुढे ढकलणे' म्हणतात.

माझी पीएच.डी.ची पहिली व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, अशीच पुढे ढकलली गेली. प्रकृती तशी ठणठणीत होती. सकाळी पोटभर खाल्लं होतं, शर्टाला कडक इस्त्री होती, प्रबंधाची सोनेरी अक्षरांची प्रत हातात होती. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी अगदी जावयाला विचारावं तशा मायेनं विचारलं, "बसा. थोडक्यात सांगा, विषय काय आहे तुमचा?" विषय माझा. इतकी वर्षं तो मी उरावर घेऊन हिंडलेला. मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग मी पाणी प्यालो. ते संपल्यावर परीक्षकांसमोरचं पाणी प्यालो. माझे गाइड खिडकीतून बाहेर बघू लागले. खिडकीबाहेर भिंत होती, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

तर विषय असा होता: 'मध्यमवर्गीय कुटुंबातील खरेदीविषयक निर्णयप्रक्रिया'. फ्रीज कुणी घ्यायचा ठरवला, पडदे कुणी निवडले, घर कुणी पसंत केलं, असं घरोघर विचारून मी निष्कर्ष काढला होता की बहुतेक कुटुंबांत निर्णय नवरा-बायको दोघं मिळून घेतात. आता हे एवढं वाक्य सांगायला काय जातं? पण ते गेलं नाही. घशातच राहिलं.

"नियमाप्रमाणे आणखी एकदा बसता येतं," गाइड म्हणाले. "एकदाच. पुन्हा प्रकृती बिघडली तर प्रबंध परत घरी. आणि मीही परत माझ्या घरी." गाइड माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत, पण निराशेत ते माझ्या वडिलांसारखे दिसतात.

प्रबंध परत आला असता तर मी रद्दीवाल्याला दिला असता, त्याचं एवढं काही नाही. पण आमच्या कॉलेजातले विभागप्रमुख निवृत्त होणार होते. पदवी मिळाली तर खुर्ची माझी. नाही मिळाली तर ती माझ्या एका माजी विद्यार्थ्याची. ह्याला मी एकेकाळी मागच्या बाकावर घोरतो म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं. बाहेर जाऊन त्यानं डॉक्टरेट केली. हल्ली तो जिन्यात भेटला की माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "सर, टेन्शन घेऊ नका. काहीही झालं तरी मी आहे." त्या हाताखाली निवृत्तीपर्यंत काम करायचं या कल्पनेनंच माझं जेवण कमी झालं होतं.

त्या संध्याकाळी बायकोनं दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवला. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला सगळं येतंय. फक्त कुणी समोर बसून विचारलं की तुमची बोबडी वळते. तेव्हा आता वाचायचं नाही. रोज संध्याकाळी सराव करायचा. चार माणसं समोर बसवायची आणि त्यांना प्रश्न विचारायला लावायचे."

आम्ही दोघांनी मिळून तसं ठरवलं. म्हणजे ती म्हणाली आणि मी 'बरं' म्हणालो. पण निर्णयप्रक्रियेचा अभ्यासक म्हणून सांगतो, 'बरं' म्हणणं हाही सहभागच असतो. चौथ्या प्रकरणात त्यावर एक तळटीप आहे.

सरावासाठी पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे वकीलकाका. निवृत्त झाल्यापासून त्यांना उलटतपासणीला माणूस मिळत नव्हता. काकू केव्हाच जुमानत नाहीत. ते काळा कोट घालून आले, आमच्या जेवणाच्या टेबलाच्या डोक्याशी बसले आणि मला उभं केलं.

"हा प्रबंध तुम्ही लिहिला?"

"हो."

"कशावरून?"

आता हे कशावरून सांगणार? मुखपृष्ठावर नाव आहे, म्हणालो. "नाव कुणीही छापतं," काका म्हणाले. "पान एकशेबारावर तिसऱ्या ओळीत काय आहे?" मला आठवेना. "स्वतः लिहिलेलं आठवत नाही," असं ते टेबलावरच्या मीठदाणीला उद्देशून म्हणाले. अर्ध्या तासात मी कबूल केलं की प्रबंध बहुधा मी लिहिलेला नसावा. बायकोनं मध्ये पडून चहा आणला म्हणून सुटलो. जाताना काकांनी खांद्यावर थोपटून सल्ला दिला. माझ्या खांद्याचं त्या काळात सार्वजनिक वाचनालय झालं होतं. "हे बघा, प्रश्नाला उत्तर द्यायचंच नसतं. उत्तर दिलं की माणूस अडकतो. विचारायचं, प्रश्नाचा हेतू काय? समोरचा हेतू शोधत बसतो. तोवर जेवणाची सुट्टी होते."

दुसरे आले तळमजल्यावरचे विमावाले. यांच्या घरी गेलेला माणूस पॉलिसी घेतल्याशिवाय परत येत नाही आणि हे ज्याच्या घरी जातात तोही सुटत नाही. त्यांचं म्हणणं असं की उत्तर काय देता याला काडीची किंमत नाही, नजर कशी ठेवता याला आहे. "डोळ्यांत बघायचं नाही. घाबरायला होतं. दोन भुवयांच्या मधोमध बघायचं आणि हसायचं. समोरच्याला वाटतं, माणूस पक्का आहे. मी अशाच जोरावर एका डॉक्टरला त्याच्याच दवाखान्यात विमा विकलाय."

विद्या हाती आल्यावर वापरून बघावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये गेलो. रजेचा अर्ज होता. ते वाचत होते आणि मी हसत त्यांच्या भुवयांच्या मधोमध बघत उभा होतो. त्यांनी मान वर केली. कपाळावरून हात फिरवला. पुन्हा वाचायला लागले. पुन्हा हात फिरवला. मग रुमाल काढून कपाळ पुसलं. रजा मंजूर झाली, पण दुपारी त्यांनी मला परत बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगा, काय आहे? मिसेसला फोन केला, तिला फोनवरून दिसत नाही. आरशात तर मला काही दिसत नाही." मी काही नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या आठवड्यात ते त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन आल्याचं कळलं.

घरात आमची कन्या वेगळ्या मार्गानं मदत करत होती. तिनं माझा सराव मोबाइलवर चित्रित केला आणि मला दाखवला. स्वतःला असं बोलताना कधी बघू नये. पडद्यावर एक टक्कल पडत चाललेला गृहस्थ दर वाक्याला 'म्हणजे काय आहे की' म्हणत होता आणि बोलताना उजव्या हातानं हवेत काहीतरी पिळत होता. "बाबा, तू कपडे पिळतोयस," कन्या म्हणाली. मी हात खिशात घातले, तर खिशात पिळायला लागलो. तेही तिनं चित्रित केलं आणि, चुकून असं ती म्हणते, नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं. बायकोच्या मावशींनी लिहिलं, 'जावईबापू छान दिसतायत. तब्येत कशी आहे आता?' ते 'प्रकृतीच्या कारणास्तव' तिथपर्यंत पोचलं होतं. मेहुण्यानं लिहिलं, 'भावोजी, आत्मविश्वास आतून यायला हवा.' उंटावरून शेळ्या हाकायला याला काय लागतं? हा स्वतः वाहन परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास आहे.

एवढं सगळं चालू असताना विद्यापीठातून निरोप आला की व्हायवा घेता येत नाही.

मी धावत परीक्षा विभागात गेलो. म्हणजे आम्ही दोघं गेलो. मी एकटा गेलो की कागद घेऊन येण्याऐवजी कागद देऊन येतो असा अनुभव असल्यानं बायकोनं सोबत यायचं, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तिथल्या कारकुनांनी चष्मा वर केला आणि नियम समजावला. व्हायवा खुली असते. कुणीही यावं, बसावं, वाटल्यास प्रश्न विचारावा. आजवर कुणी आलेलं नाही हा भाग वेगळा, पण यायला हवं असेल तर यायची सोय पाहिजे. म्हणून आधी सूचना लावावी लागते. सूचना लावायचा फळा काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली शिपायाकडे आहे आणि शिपाई रजेवर आहे.

"कधी येईल?" मी विचारलं.

"रजा संपली की."

"कुलूप तोडता नाही येणार?"

"येतं की. परवानगी लागते. परवानगीची सूचना आधी फळ्यावर लावावी लागते." आपण काय बोललो हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, पण नोकरीत असल्या गोष्टींची सवय होते.

मी रडकुंडीला आलो. या वेळी नेमलेल्या बाहेरच्या परीक्षक बाई मुश्किलीनं एक तारीख द्यायला तयार झाल्या होत्या. ती गेली असती तर पुढची विभागप्रमुखांच्या निवृत्तीनंतर, म्हणजे खुर्चीवर आमचे माजी विद्यार्थी बसल्यावर. मी विमावाल्यांची नजर लावायचा प्रयत्न केला. कारकुनांनी कपाळाला हात लावला आणि पंखा वाढवला.

बायको म्हणाली, "नियमात काय लिहिलंय हो? हाच फळा असं लिहिलंय का?"

त्यांनी पुस्तक काढलं. फुंकर मारली. वाचलं. "'सार्वजनिक ठिकाणी, सहज दिसेल अशा रीतीने.'"

"आमच्या इमारतीत जिन्याखाली फळा आहे. येता-जाता सगळ्यांना दिसतो. त्याला कुलूप नाही."

कारकुनांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू या विभागात याआधी कुणी बाई येऊनच गेली नसावी. मग शिक्का काढला, जोरात मारला आणि म्हणाले, "घेऊन जा, वहिनी." मला ते काहीच म्हणाले नाहीत.

अशा रीतीनं माझ्या व्हायवाची सूचना आमच्या जिन्याखाली लागली. वर पाण्याची टाकी धुण्याविषयी सूचना होती, खाली कुणाची तरी एका पायाची चप्पल हरवल्याची. मध्ये मी. 'सर्व इच्छुकांनी उपस्थित राहावे' हे वाक्य विद्यापीठात कुणीच मनावर घेत नाही. आमच्या इमारतीत लोकांना कुणी फारसं कुठे बोलावत नाही. त्यांनी ते घेतलं. "येतोय हं आम्ही," असं म्हणत लोक जिने चढायला लागले. माझी भूकच उडाली. परीक्षक बाईंविषयीही गाइडनी एक बातमी आणली होती, की त्या फक्त एक प्रश्न विचारतात. तेवढ्यात माणूस उभा राहतो किंवा आडवा होतो.

आदल्या रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत रंगीत तालीम झाली. वकीलकाका-काकू, विमावाले आणि विमावाल्या वहिनी, शिवाय इमारतीतली आणखी तीन जोडपी. खुर्च्या शेजाऱ्यांकडून, कप आमचे. विमावाले परीक्षक झाले आणि त्यांनी निष्कर्ष मोठ्यानं वाचला: "'बहुसंख्य कुटुंबांत निर्णय पती-पत्नी संयुक्तपणे घेतात.' वा. काय सुंदर लिहिलंय."

"कुणी सांगितलं?" विमावाल्या वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं सराव सुरू झाला. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रश्नावली भरून घेतली ना, वहिनी. घरोघर फिरून. तुमचीही आहे."

"मी कधी भरली?"

विमावाले प्रबंधात तोंड घालून म्हणाले, "तू आत होतीस. चहा करायला."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"दोघं मिळून, असं."

"फ्रीज दोघं मिळून?" वहिनींनी कप खाली ठेवला. "पडदे दोघं मिळून? तुम्हाला आपल्या पडद्यांचा रंग तरी माहिती आहे का? डोळे मिटा आणि सांगा."

विमावाल्यांनी डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडलेच नाहीत. तोवर वकीलकाकूंनी यजमानांकडे मान वळवली. "आपल्याकडची कुणी भरली?"

"प्रश्नाचा हेतू काय?" काका म्हणाले.

"घरी चला, कळेल."

मग एकेक जोडपं बोलायला लागलं, म्हणजे बायका बोलायला लागल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला हळूहळू सगळं दिसायला लागलं. प्रश्नावलीच्या माथ्यावर मीच छापलं होतं, 'कुटुंबप्रमुखाने भरावी'. मी संध्याकाळी जायचो. दार पुरुष उघडायचा. मी त्याच्या हातात कागद द्यायचो आणि बाई चहा टाकायला आत जायची. शेकडो घरांत गेलो, शेकडो कप चहा प्यालो आणि एकाही बाईला एक प्रश्न विचारला नाही. प्रबंधात बायकांचा उल्लेख फक्त ऋणनिर्देशात आहे. 'सर्व गृहिणींनी वेळोवेळी दिलेल्या चहाबद्दल.'

तालीम मोडली. पाच जोडपी एकत्र आली होती, दहा माणसं सुटी सुटी घरी गेली. पुढचे दोन दिवस जिन्यात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. वकीलकाका खालच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. तो पेपर सकाळचा असायचा आणि वेळ संध्याकाळची. त्यांनी मला हळूच सांगितलं, "परीक्षकाला सुचलं नाही, तर ती चूक अस्तित्वातच नाही. आपण होऊन बोलायचं नाही." विमावाले म्हणाले, "फक्त हसा. दुसरा उपाय नाही." त्यांच्या हातात बाहेरून आणलेल्या जेवणाचा डबा होता.

मी घरी येऊन बायकोला विचारलं. ती धुतलेल्या चादरी घडी घालत होती.

"तुला काय वाटतं गं? मी काय करू? आपणहून सांगू की गप्प बसू?"

"प्रबंध तुमचा आहे," ती म्हणाली. "तुम्ही ठरवा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'तुम्ही ठरवा' हे दोन शब्द मी या घरात पहिल्यांदा ऐकले. मी चादरीचं दुसरं टोक धरलं, पण तिनं तेही काढून घेतलं. त्या क्षणी मला व्हायवापेक्षा त्या चादरीची जास्त भीती वाटली, हे अगदी खरं सांगतो.

व्हायवाच्या दिवशी विद्यापीठातली खोली गच्च भरली. विद्यापीठाच्या इतिहासात असं घडलं नसावं. कारकून दोनदा येऊन डोकी मोजून गेले आणि आणखी बाकं टाकून घेतली. आमची इमारत सगळी आली होती, पण नवरे डावीकडे आणि बायका उजवीकडे बसल्या होत्या, आणि मधल्या वाटेत कुणी पाय ठेवत नव्हतं. पहिल्या बाकावर माझा माजी विद्यार्थी, मला अंगठा दाखवत. बायको उजवीकडे, खिडकीशी. गाइड माझ्या शेजारी, भिंतीकडे बघायच्या तयारीनं.

परीक्षक बाई लहानखुऱ्या होत्या. पर्स मांडीवर, हात पर्सवर, समोर माझा प्रबंध मिटलेला. "मी सगळा वाचलाय," त्या म्हणाल्या. "छान झालाय. मेहनत दिसते. मी एकच विचारते. तुमच्या घरी कोण ठरवतं?"

मी आकडेवारी पाठ केली होती. संदर्भग्रंथ पाठ केले होते. पान एकशेबारावरची तिसरी ओळसुद्धा केली होती. हा प्रश्न कुणीच काढला नव्हता. मला वकीलकाका आठवले. "प्रश्नाचा हेतू..." मी सुरुवात केली.

"कळून घेण्याचा," बाई म्हणाल्या.

मग मी हसलो आणि त्यांच्या भुवयांच्या मधोमध बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वाट बघत राहिल्या. संपलं. माझ्याकडची सगळी अस्त्रं दोन मिनिटांत संपली होती. तोंड मागच्या वेळसारखंच उघडं राहिलं. उजवा हात हवेत पिळायला लागला. गाइडनी मान खिडकीकडे वळवलेली मला दिसली आणि मी मनातल्या मनात खुर्ची, पदवी, अब्रू सगळ्यावर पाणी सोडलं. आणि मग, दुसरं कुठे बघावं हे न कळून, मी बायकोकडे बघितलं.

तिनं किंचित मान डोलावली.

"आम्ही दोघं मिळून ठरवतो," मी म्हणालो. इतक्या खणखणीत आवाजात, की मलाच दचकायला झालं. इतक्या महिन्यांच्या सरावात असा आवाज एकदाही लागला नव्हता.

खोलीत खसखस पिकली. मला कळेना काय झालं. बाई म्हणाल्या, "बरं. मिळून म्हणजे कसं?"

मी बायकोकडे बघितलं. आता उजवी बाजू मोकळेपणानं हसत होती. "म्हणजे काय आहे की," मी म्हणालो, आणि मला एकदम उमगलं की लोक कशाला हसतायत.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि खोलीकडे वळल्या. "व्हायवा खुली आहे ना? मग मी जमलेल्यांनाही विचारते. ज्यांच्या घरी निर्णय दोघं मिळून घेतात, त्या पुरुषांनी हात वर करा."

डावीकडचे पंधरावीस पुरुष. एकाचाही हात आधी वर गेला नाही. आधी माना वळल्या. सगळ्या एकदम, उजवीकडे. मग एकेक हात वर जायला लागला. विमावाल्या वहिनी अगदी मागे बसल्या होत्या. विमावाल्यांना पुरतं उलटं फिरावं लागलं. वकीलकाकांचा हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला, कारण काकू छताकडे बघत होत्या. माझा माजी विद्यार्थी एकटाच आला होता, तरी त्याची मान वळली आणि रिकाम्या बाकाकडे बघून त्यानं हात वर केला. गाइडच्या घरचं कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला. दारातून कारकुनांचा आवाज आला, "घरोघरी मातीच्या चुली."

"प्रश्नावली कुणी भरली होती?" बाईंनी मला विचारलं.

या वेळी मी कुणाकडेही बघितलं नाही. "पुरुषांनी," मी म्हणालो. "बायका चहा करत होत्या. माझ्यासाठी."

"हो, ऋणनिर्देशात वाचलं मी ते." बाईंनी प्रबंध बाजूला सरकवला. "हे बघा, निष्कर्ष खोटा नाही. अर्धा आहे. 'दोघं मिळून' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याच दिलेली नाही तुम्ही. एक परिच्छेद लिहून पाठवा. तेवढं आलं की पदवी द्यायला माझी हरकत नाही. व्याख्या कुठे मिळेल हे आता सांगायला नको. कधीपर्यंत देता?"

"सोमवारपर्यंत," खिडकीपासून आवाज आला. बाईंनी सोमवार लिहून घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी इमारतीतली जोडपी परत जोडीनं घरी गेली. वकीलकाका काकूंच्या दोन पावलं मागे होते, पण गेले. माजी विद्यार्थ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मग तोच हात पुढे करून म्हणाला, "अभिनंदन, सर." तो हात मी चांगला दाबून घेतला.

घरी आल्यावर मी सरळ टेबलाशी बसलो. शब्द शोधावे लागले नाहीत. मी लिहिलं, 'संयुक्त निर्णय म्हणजे पत्नीने घेतलेला व पतीने जाहीर केलेला निर्णय.' खाली दोन-चार ओळी स्पष्टीकरणाच्या. वाचून बघितलं. साडेतीनशे पानांत एवढं एकच वाक्य असं होतं जे मी कुठून घेतलं नव्हतं. मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

बायकोनं हात पुसले, वाचलं आणि पेन मागितलं.

"हे असं नाही जायचं," ती म्हणाली.

"अगं, पण खरं आहे ते."

"खरं आहे हो. पण छापून येणार ना? उद्या तुमचे विद्यार्थी वाचतील, तो खांद्यावर हात ठेवणारा वाचेल. माझ्या नवऱ्याला घरात काही किंमत नाही असं वाटायला नको लोकांना." तिनं 'पत्नीने घेतलेला' खोडलं आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं. मग स्पष्टीकरणाच्या ओळीही खोडल्या आणि कागदाच्या मागच्या बाजूला सबंध परिच्छेद सलग लिहून काढला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. मध्येच तिनं मला एक शब्द विचारला, 'विचारविनिमय'मधला पहिला 'वि' ऱ्हस्व की दीर्घ. मी ऱ्हस्व म्हणालो. परिच्छेद उत्तम झाला होता. त्यात मी होतो, ती होती, आणि दोघांचा मान राखलेला होता.

"चालेल ना?" तिनं विचारलं.

"चालेल," मी म्हणालो. आम्ही दोघांनी मिळून तो परिच्छेद पाठवला.

सोमवारी संध्याकाळी परीक्षक बाईंचा फोन आला. मी उभा राहूनच बोललो.

"परिच्छेद मिळाला," त्या म्हणाल्या. "फार सुरेख लिहिलाय. अख्ख्या प्रबंधात असं कुठे लिहिलेलं नाही. आज कळवतेय विद्यापीठाला. अभिनंदन."

"आभारी आहे, मॅडम."

"हां. आता जरा लिहिणाऱ्यांना फोन द्या."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि फोन बायकोच्या हातात दिला.